अवेळी पानगळ

१

झाड मरायला लागलंय हे सगळ्यांत आधी शेजारच्या निवृत्त इंजिनिअरच्या लक्षात आलं, कारण त्याला ऊन मिळायला लागलं. त्याच्या गच्चीवरचे सोलर पॅनेल गेली कित्येक वर्षं या झाडाच्या सावलीत मुकाट बसून होते आणि इंजिनिअर मात्र मुकाट नव्हता. एके सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून मान काढून तो म्हणाला, "वहिनी, तुमचं झाड हल्ली फार शहाण्यासारखं वागतंय हो!"

वहिनींनी वर पाहिलं. रबराच्या त्या अवाढव्य झाडाची घराकडची बाजू, शेजारच्या गच्चीचं ऊन अडवणारी, विरळ झाली होती. खाली जाड, चकचकीत पानांचा खच पडला होता.

शहराच्या ऐन मध्यावर, पण गर्द झाडीच्या जुन्या वस्तीत हे घर होतं. आजूबाजूची घरं एकेक करून पडली आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. हे तेवढं बैठं राहिलं, पुढे बाग, मागे भलंमोठं अंगण आणि अंगणाच्या मधोमध हे झाड. एवढ्या घेराचं झाड जिवंत असेपर्यंत तोडायचं नाही असा नगरपालिकेचा कडक नियम होता, आणि झाडाला सोडून अंगणात इमारत बसणं शक्य नव्हतं. त्यामुळे बिल्डर यायचे, चहा प्यायचे, झाडाकडे बघून उसासा टाकायचे आणि जायचे.

वहिनींच्या दोन्ही मुली मात्र चहा पिऊन गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आई या वयात एवढ्या मोठ्या घरात एकटी राहते म्हणून एकदा जेवणाच्या टेबलावर जोराचा वाद झाला, तेव्हा वहिनी चिडून म्हणाल्या होत्या, "झाड आहे तोवर मी इथून हलणार नाही. ज्या दिवशी झाड जाईल, त्या दिवशी खुशाल विका. शब्द देते." वहिनींनी दिलेला शब्द उभ्या आयुष्यात फिरवला नव्हता, आणि हे त्यांच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

आता मुलींनी रविवारी बिल्डरला बोलावलं होतं. वहिनींनी आतल्या खोलीत जाऊन नणंदेला फोन लावला.

"वन्सं, या हो जरा. मला इथून काढतायत."

"कोण काढतंय?"

"झाड," असं म्हणून वहिनी रडायला लागल्या.

२

नणंद दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन दारात हजर झाली. घरातल्या पोरी तिला आत्या म्हणत आणि पाठीमागे फौजदार. आत्याने पोलिसात एक दिवसही नोकरी केली नव्हती. ती विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायची. लोक आपलीच गोदामं कशी पेटवतात आणि स्वतःच्याच घरी चोऱ्या कशा करवून घेतात, हे बघण्यात तिची सगळी नोकरी गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू आपोआप बिघडते यावर तिचा फारसा विश्वास उरला नव्हता.

चहा झाल्यावर ती अंगणात गेली आणि झाडाला सावकाश एक फेरी घातली. पानगळ झाली होती ती फक्त घराकडच्या फांद्यांची. मागच्या बाजूच्या फांद्या हिरव्यागार होत्या.

"वहिनी, हे म्हातारपण म्हणायचं असेल तर फारच सोयीचं म्हातारपण आहे," ती म्हणाली. "आपण म्हाताऱ्या झालो तेव्हा काय एका बाजूने झालो का?"

झाडाची मुळं जमिनीवर भिंतींसारखी उभी होती. घराकडचं सगळ्यांत जाड मूळ बुंध्यापाशी कमानीसारखं वर उचललेलं होतं आणि त्याखाली वीतभर पोकळी होती. आत्याने पदर खोचला, गुडघे कुरकुरले त्यांना दटावलं आणि ती सरळ जमिनीवर आडवी झाली. तरी मुळाची खालची बाजू दिसेना. शेवटी तिने पर्समधून पावडरची डबी काढली आणि तिचा आरसा पोकळीत सरकवला.

आरशात मुळाचा पोटाकडचा भाग दिसला. तिथे ओळीने बारीक भोकं पाडलेली होती आणि ती तपकिरी लुकणाने बुजवलेली होती. लुकण इतकं गुळगुळीत होतं की सालीत मिसळून गेलं होतं.

तिने केसातली पिन काढली आणि आरशात बघत ती एका भोकाला टोचायला गेली. पिन भलतीकडेच गेली. डावीकडे न्यावी तर उजवीकडे, वर न्यावी तर खाली. चारदा प्रयत्न करून तिने स्वतःचंच बोट टोचून घेतलं आणि एक सणसणीत शिवी हासडली.

"काय झालं वन्सं?" वहिनी घाबरून म्हणाल्या.

"काही नाही, शिकतेय."

जवळच्या सालीवर झाडाचा चीक ओघळून वाळला होता आणि त्यात पांढरं काहीतरी अडकलं होतं. कोळ्याचं जाळं असेल असं तिला आधी वाटलं. चिमटीत धरून ओढल्यावर तो कापूस निघाला, पांढराशुभ्र, पिळून घट्ट केलेला.

आत्या उठून बसली. तिच्या केसांत माती होती आणि चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न आलेला तजेला होता.

"वहिनी, रडणं बंद करा. झाड मरत नाहीये. झाडाला कोणीतरी मारतंय."

३

हे काम निवांतपणे झालेलं होतं, आणि तसा निवांतपणा एकदाच मिळाला होता. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या थोरलीकडे राहायला गेल्या होत्या आणि घर बंद होतं. त्या काळात किल्ली होती थोरलीकडे, धाकटीच्या नवऱ्याकडे, म्हणजे डॉक्टर जावयांकडे, आणि माळीबुवांकडे. इंजिनिअरला किल्लीची गरज नव्हती, भिंत उतरली की अंगण. धाकटी तेव्हा कामानिमित्त परगावी होती.

आत्याने भोकांबद्दल अवाक्षर न काढता एकेकाची गाठ घ्यायला सुरुवात केली.

इंजिनिअर कंबरेला पट्टा बांधून खुर्चीत बसला होता. "मी? झाडाचं वाईट चिंतलं, रोज चिंतलं. पण आमचं हे कंबरडं बघा! बुटाची नाडी बायको बांधते. मी भिंत काय उतरणार?" बायकोने आतून ओरडून दुजोरा दिला आणि वर नवऱ्याच्या इतर चार निरुपयोगी गोष्टीही सांगितल्या.

माळीबुवा मात्र बिथरलेले होते. त्यांची तणनाशकाची बाटली नाहीशी झाली होती आणि डॉक्टर जावयांनी त्यांना सगळ्यांसमोर त्याचा जाब विचारला होता. "बाई, हे झाड मला जड का झालंय? आणि मारायचंच असतं तर रोज पाणी घालतो, त्यातूनच नसतं का घातलं? कोणाच्या बापाला कळलं असतं?" ते रागाने म्हणाले. हा मुद्दा आत्याने मनात जपून ठेवला.

थोरलीचा फर्निचरचा कारखाना होता. आत्या गेली तेव्हा ती डोळ्यांवर चष्मा लावून एका खुर्चीच्या पायाला भोक पाडत होती. भिंतीवर ड्रिलच्या टोकांची रांगच्या रांग लटकत होती, बारीक, जाड, सगळ्या मापांची.

"आई तिथे एकटी पडून राहिली तर कळायलाही दोन दिवस लागतील, म्हणून विकायचंय मला," ती फटकन म्हणाली. "मनात आहे ते तोंडावर बोलते. तुला संशय असेल तर तूही बोल."

"एक सांग, तू लाकडाला भोक पाडलंस आणि बुजवायचं झालं तर कसं बुजवशील?"

"लाकडाची खुंटी ठोकून. लुकण भरणारा सुतार माझ्या कारखान्याची पायरी चढत नाही." आणि मग तिने ड्रिल खाली ठेवलं. "आत्या, कुठलं भोक?"

आत्या तोवर दाराबाहेर पडली होती.

शेवटचे डॉक्टर जावई. धाकटीचा नवरा दातांचा डॉक्टर होता, स्वभावाने गोड आणि सासूवर जीव टाकणारा. आत्याला बघताच त्याने तिला खुर्चीत बसवलं, फुकटात दाढ तपासून दिली आणि झाडाचा विषय निघताच हळहळला. "वय झालंय हो झाडाचं. आईंना धक्का बसेल, पण आपण सगळे आहोत ना? त्यांना आमच्याकडे खोली तयारच आहे. त्या अंगणात मोठं, सगळ्या सोयींचं हॉस्पिटल उभं राहील, त्याला आईंचं नाव देईन म्हणतो."

आत्याचं तोंड तेव्हा उघडं होतं आणि गालात कापूस होता, म्हणून ती फक्त "आं" एवढंच म्हणाली.

४

शनिवारी दुपारी नगरपालिकेच्या झाडांच्या बाई आल्या. त्या वृक्ष अधिकारी होत्या आणि माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या, पण झाडावर हात ठेवला की त्यांना वाचा फुटायची. त्यांनी मुळाखाली आरसा घातला आणि त्यांचा चेहरा कठोर झाला.

"या झाडाचं प्रत्येक मोठं मूळ आपापल्या बाजूच्या फांद्यांना पोसतं. विष या एका मुळात घातलंय, म्हणून एकच बाजू वाळतेय. अजून बुंध्यात फारसं चढलेलं नाही."

"वाचेल?" वहिनींनी विचारलं.

"उद्याच्या उद्या ही भोकं मोकळी करून धुवायला हवीत आणि मुळाचा खराब भाग कापायला हवा. तेवढं झालं तर वाचेल. छातीठोकपणे सांगते."

वहिनींनी झाडांच्या बाईंचे दोन्ही हात धरले आणि ते बराच वेळ सोडलेच नाहीत. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

त्या गेल्यावर आत्या म्हणाली, "मला यातलं एक भोक आतून बघायचंय. सबंध."

झाडांच्या बाईंनी बारीक करवतीने कडेच्या एका भोकाभोवतीचा लाकडाचा तुकडा अलगद कापून काढला आणि मधोमध चिरला. दोघी बघतच राहिल्या. भोक सरळ नळीसारखं नव्हतंच. तोंडाशी ते अरुंद होतं आणि आत गेल्यावर चारी बाजूंनी पद्धतशीर रुंद केलेलं होतं. त्यात लुकण थराथराने दाबून बसवलं होतं, कुठे बुडबुडा म्हणून नव्हता. आतलं लुकण तोंडापेक्षा मोठं असल्यामुळे ते कधीच बाहेर पडणार नव्हतं.

"एवढी मेहनत कशाला?" झाडांच्या बाई म्हणाल्या. "झाडाला मारायला नुसतं भोक पुरतं."

"मेहनत नाही, सवय आहे ही," आत्या हळूच म्हणाली. "त्याला अर्धवट काम जमलंच नाही."

तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी बसलं होतं. माळ्याला भोकाची गरजच नव्हती. सुतारणीने खुंटी ठोकली असती. इंजिनिअरला वाकता येत नव्हतं. उरला तो माणूस जो दिवसभर आरशात बघून अशा जागी काम करतो जी सरळ दिसत नाही आणि ज्याचा हात उलट्या प्रतिमेत चुकत नाही. ओल पाझरायला लागली की तो न सांगता कापसाचा बोळा ठेवतो, कारण ओल्या जागेत काहीच धरत नाही. आणि भरलेलं निघू नये म्हणून तो पोकळी आतून रुंद करतो.

पण हे सगळं नुसतं डोक्यातलं होतं. जावई गोड हसून म्हणाला असता की आत्या, जगात दातांचा डॉक्टर मी एकटाच का? दावे तपासताना असं हसणारे तिने खूप पाहिले होते. तिला कबुली हवी होती, तीही सगळ्यांसमोर.

"बाई," ती झाडांच्या बाईंना म्हणाली, "हा तुकडा तुमच्या पिशवीत ठेवा. भोकं आतून कशी आहेत हे तुम्हाला, मला आणि करणाऱ्याला, एवढ्या तिघांनाच माहीत आहे. उद्यापर्यंत ते तसंच राहू द्या. आणि उद्या मी काहीही बरळले तरी मान हलवायची."

५

रविवारी सकाळी सगळे अंगणात जमले. दोघी मुली, डॉक्टर जावई, माळीबुवा, भिंतीवर हनुवटी टेकवून इंजिनिअर आणि फाईल बगलेत मारलेला बिल्डर. वहिनी खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

आत्याने भोकांची हकीकत सांगितली तेव्हा एकच गलका झाला. धाकटीने तोंडावर हात ठेवला. डॉक्टर जावयांनी दुःखाने मान हलवली आणि माळ्याकडे पाहिलं. माळीबुवांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

"पण काळजी नको," आत्या मजेत म्हणाली. "आपलं नशीब थोर, की करणारा अगदीच भिकार कारागीर निघाला. झाडांच्या बाई म्हणतात, असलं कच्चं काम त्यांनी पाहिलेलं नाही."

झाडांच्या बाईंनी मान हलवली.

"लुकण नुसतं वरवर थापलंय. सैल. त्यामुळे विष केव्हाच गळून गेलं."

"कोणाचं काम आहे बघू?" म्हणत थोरली आरसा घेऊन वाकली. तिला आत्याने काहीच सांगितलं नव्हतं, पण ती सुतारीण होती आणि दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची संधी तिने कधी सोडली नव्हती. "शी! सारख्या अंतरावर तरी पाडायची भोकं! माझ्याकडच्या शिकाऊ पोराने असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता."

डॉक्टर जावयांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अगं, हात थरथरत असणार बिचाऱ्याचे," आत्या कळवळून म्हणाली. "किंवा नजर गेली असेल. अशी माणसं एकेक करून सगळीच कामं बिघडवतात. लोक हळूहळू ओळखतात आणि यायचे बंद होतात."

"प्रत्येक जण आपल्या परीने..." जावई पुटपुटले.

"आता हे बघा ना, नखाने उचकटलं तरी निघेल." आत्याने पिन काढली आणि ती वाकायला लागली. "एक टिचकी मारली की टपकन खाली."

"नाही निघणार!"

"निघेल हो डॉक्टर. ठिसूळ आहे."

"अहो ठिसूळ कसलं? थर देऊन दाबलंय! तोंडापेक्षा आत दुप्पट रुंद आहे ते, पिनेने काय, छिन्नीने निघायचं नाही! वीस वर्षांत माझं एक फिलिंग..."

झाडांच्या बाईंनी शांतपणे पिशवीतून चिरलेला तुकडा काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. तोंडाशी अरुंद, आत रुंद.

"हे आतून कसं आहे ते मी कालपासून कोणाला सांगितलेलं नाही," आत्या म्हणाली. "डॉक्टर, काम मात्र अप्रतिम आहे. मघाशी बोलले ते सगळं खोटं, माफ करा."

इंजिनिअरने भिंतीवरून टाळ्या वाजवल्या. माळीबुवांनी डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, तोंड पुसलं आणि "माझ्यावर घालत होते, माझ्यावर!" असं ते चारचारदा म्हणत राहिले.

धाकटी उठून नवऱ्यासमोर उभी राहिली. "मला म्हणालात, झाडाचं वय झालंय. मी आईला समजावत बसले. रात्ररात्र तिच्याशी फोनवर बोलले, की असू दे, कधीतरी व्हायचंच होतं."

"सगळ्यांच्या भल्याचंच होतं गं. आईंचंही..."

"माझ्या आईचं भलं तुम्ही तिला न विचारता, ती डोळ्याला पट्टी बांधून पडलेली असताना केलंत!" धाकटी इतक्या मोठ्याने बोलली की बिल्डरची फाईल बगलेतून निसटली. तिने आईच्या घराची किल्ली मागण्यासाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी खिशातून काढून ती गुपचूप दिली.

६

मग सगळे वहिनींकडे बघायला लागले. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या, मुळापाशी गेल्या आणि सालीवर तळहात टेकून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तुम्ही भरलंत ना? मग तुम्हीच काढा. या बाई सांगतील तसं, एकही भोक न चुकता. नगरपालिका तुमचं काय करायचं ते करेल, मी मध्ये पडणार नाही. आणि माळीबुवांची माफी मागा, आधी ती."

डॉक्टर जावयांनी माफी मागितली. माळीबुवांनी ती लगेच दिली नाही, पुन्हा एकदा मोठ्याने मागायला लावली. मग जावई बाह्या सरसावून मुळाखाली आडवे झाले आणि पावडरच्या डबीचा आरसा हातात घेऊन कामाला लागले. छिन्नीने लुकण खरोखरच हलत नव्हतं. भर उन्हात घामाघूम होऊन ते स्वतःच्या कारागिरीशी झुंजत राहिले, आणि थोरली कंबरेवर हात ठेवून डोक्याशी उभी राहून सूचना देत राहिली.

बिल्डरने फाईल उचलली आणि खाकरला. "म्हणजे... झाड वाचलं, तर आपला विषय तूर्त..."

"थांबा जरा, ऐकून जा," वहिनी म्हणाल्या. "पोरींनो, तुम्हीही. मी तुम्हाला शब्द दिला होता, झाड जाईल त्या दिवशी घर विका. तो शब्द मी आज परत घेते."

"आई, तू शब्द फिरवतेस?" थोरलीला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

"फिरवते. जन्मात पहिल्यांदा, आणि अगदी राजीखुशीने. माझा हट्ट मी त्या मुक्या झाडाच्या गळ्यात अडकवला, म्हणून त्याच्या जिवावर उठले लोक. चूक माझी. सरळ सांगायला हवं होतं, ते आता सांगते. मला इथे राहायचंय म्हणून मी इथे राहणार. झाड उद्या विजेने पडलं, वादळाने उन्मळलं, तरी मी राहणार. एकटी पडेन म्हणून काळजी वाटत असेल तर या माझ्याकडे, राहा, खोल्या ओस पडल्यात. पण मला उचलून दुसरीकडे ठेवायचं नाही. मी काय खुर्ची आहे?"

एवढं लांबलचक भाषण वहिनींनी आयुष्यात केलं नव्हतं. आत्याला हुंदका आवरेना. विम्याच्या सगळ्या नोकरीत तिने पैसे वाचवले होते, माणूस आज पहिल्यांदाच. तिने ते तसंच बोलूनही दाखवलं आणि ती वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी रडली.

थोरली थोडा वेळ पायाने माती उकरत राहिली. "वरची खोली रिकामी आहे ना?" ती शेवटी म्हणाली. "आठवड्यातले निम्मे दिवस मी येऊन राहीन. माझ्याच्याने तुला हलवणं होणार नाही, हे दिसतंच आहे."

"आणि मी?" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मी तर आजच येतेय. आज तुझ्या सोबतीला राहायचं म्हणून बॅग आणलीच होती, गाडीतच आहे."

मुळाखालून एक क्षीण आवाज आला, "आणि माझं काय?"

"तुमची अजून अकरा भोकं राहिलीत," झाडांच्या बाई म्हणाल्या.

बिल्डर फाटकाकडे निघाला तेव्हा वहिनींनी त्याला हाक मारली. त्याने आशेने वळून पाहिलं.

"फाटक लावून घ्या," वहिनी म्हणाल्या, "बाहेरून."